विश्लेषण : बेपत्ता माणसांचा शोध नेमका कुठे अडतो? कुटुंबांच्या वाट्याला काय येते?

एरंडोलहून निघालेला माणूस तासाभरात जळगाव रेल्वे स्थानकावर पोहोचू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरत, मुंबई किंवा नागपुरात असू शकतो. तो हरवल्याची नोंद मात्र एरंडोल पोलीस ठाण्यातच असते. बेपत्ता व्यक्तींची अनेक प्रकरणे वर्षानुवर्षे सुटत नाहीत, त्यामागे पोलिसांची उदासीनता हे एकच कारण नाही. हरवलेल्यांची नोंद एकीकडे आणि सापडलेल्यांची नोंद दुसरीकडे असते. या दोन्ही नोंदींची गाठ घालण्याचे काम बहुतेक वेळा कुटुंबालाच करावे लागते. हे असे का होते, कायदा काय सांगतो आणि घरच्यांच्या हातात काय असते, ते पाहू.

तक्रारीसाठी २४ तास थांबावे लागते का?

नाही. असा कोणताही नियम कायद्यात नाही. माणूस हरवल्याचे लक्षात येताच कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंद करता येते. पुढचा फरक वयाचा आहे.

हरवलेली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर थेट गुन्हा दाखल करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये तसे आदेश दिले. बेपत्ता मूल पळवले गेले आहे असे गृहीत धरूनच तपास सुरू करायचा, हा त्याचा गाभा. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जाणे अपेक्षित असते.

व्यक्ती प्रौढ असेल तर चित्र बदलते. गुन्हा दाखल होत नाही, ‘मिसिंग’ म्हणून नोंद होते आणि तपास एखाद्या हवालदाराकडे सोपवला जातो. प्रौढ माणसाला स्वतःच्या मर्जीने घर सोडण्याचा अधिकार आहे, त्यामुळे या फरकामागे तर्क आहे. पण गुन्हाच नसल्याने ते प्रकरण चोरी, मारामारी आणि बंदोबस्ताच्या कामांमागे पडते. ‘येईल परत’ हे वाक्य घरच्यांना ठाण्यात ऐकायला मिळते ते इथेच.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १८ वर्षांवरील १,७८,४०० महिला आणि १८ वर्षांखालील १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. म्हणजे दिवसाला सरासरी १७५ च्या घरात. यात पुरुष आणि मुलगे धरलेले नाहीत.

हा आकडा वाचताना एक काळजी घ्यायला हवी. ही हरवल्याच्या नोंदींची संख्या आहे, कधीच न सापडलेल्यांची नव्हे. रागाने घर सोडलेले, घरच्यांना न सांगता लग्न केलेले, कामाच्या शोधात गेलेले असे अनेक जण काही दिवसांत परततात किंवा सापडतात. अडचण अशी की याच गर्दीत खून झालेली, विकली गेलेली किंवा अपघातात मरण पावलेली व्यक्तीही ‘मिसिंग’ याच एका शब्दाखाली नोंदलेली असते. पहिल्या दिवशी दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात.

‘स्वतःहून गेली असेल’ हा समज किती महाग पडतो?

साताऱ्यातील वाईचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. जून २०१६ मध्ये बेपत्ता झालेल्या एका महिलेचा शोध घेताना पोलीस संतोष पोळपर्यंत पोहोचले. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली आणि धोम येथील त्याच्या जागेतून पुरलेले मृतदेह बाहेर निघाले. २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. म्हणजे ज्यांच्या घरचे १३ वर्षे वाट पाहत होते, त्यांच्या नोंदी एकाच परिसरातील असूनही एकमेकींशी जोडल्या गेल्या नव्हत्या.

दुसरे उदाहरण तर पोलीस दलातलेच. नवी मुंबईतील सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. मुख्य आरोपी, पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. त्या दीड वर्षात कुटुंबाला पोलिसांचे उंबरठे झिजवावे लागले आणि उच्च न्यायालयात जावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला जन्मठेप सुनावली. मृतदेह अखेरपर्यंत मिळाला नाही. बेपत्ता व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी असताना ही स्थिती असेल, तर खेड्यातील शेतमजूर कुटुंबाला काय सोसावे लागत असेल, याचा अंदाज करता येतो.

शोध तांत्रिकदृष्ट्या कुठे अडतो?

*पहिला अडथळा वेळेचा.* दुकाने, पेट्रोल पंप, बसस्थानक येथील सीसीटीव्हीचे फुटेज साठवण क्षमतेनुसार काही दिवसांत किंवा महिनाभरात पुसले जाऊन त्यावर नवे चित्रण होते. मोबाइलच्या कॉलचा तपशील दूरसंचार कंपन्यांनी किमान दोन वर्षे जपावा, असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. त्याआधी ही मुदत एक वर्ष होती. म्हणजे ‘थोडी वाट पाहू’ म्हणत गेलेला प्रत्येक आठवडा पुरावा कमी करतो.

*दुसरा अडथळा हद्दीचा.* खान्देशात तो अधिक जाणवतो. जळगाव जिल्ह्याला मध्य प्रदेशची सीमा लागून आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात खान्देशातील हजारो कुटुंबे राहतात, त्यामुळे घर सोडणाऱ्याला तिकडची वाट ओळखीची असते. रेल्वे हद्दीत सापडलेल्या मृतदेहाची नोंद स्थानिक ठाण्यात नव्हे, तर लोहमार्ग पोलिसांकडे होते. एरंडोलच्या कुटुंबाला खरोखर सगळीकडे पाहायचे असेल तर स्थानिक ठाणे, भुसावळचे लोहमार्ग पोलीस, जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय रुग्णालयांची शवागारे, शिवाय शेजारच्या राज्यांतील ठाणी, असा फेरा मारावा लागतो.

*तिसरा आणि सर्वांत मोठा अडथळा जुळणीचा.* हरवलेल्या व्यक्तीची नोंद आणि अनोळखी मृतदेहाची नोंद या दोन वेगळ्या याद्या आहेत. दोन्ही संगणकावर जातात, पण दोन्हींना जोडणारा समान धागा नसतो. हरवलेल्याच्या नोंदीत नाव, पत्ता, आधार क्रमांक असतो. मृतदेहाच्या नोंदीत यातले काहीच नसते. मग उरते ते ‘रंग सावळा, बांधा मध्यम, उंची साडेपाच फूट’ असे वर्णन, आणि ते हजारो माणसांना लागू पडते. त्यात घरच्यांनी सांगितलेला ‘आकाशी शर्ट’ पलीकडच्या नोंदीत ‘निळा शर्ट’ झाला, की संगणकाच्या शोधातून तो निसटतो.

मग आधार किंवा डीएनएने ओळख का पटवत नाहीत?

आधारसाठी दिलेले बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन कोणालाही देण्यास आधार कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे. त्यामुळे अनोळखी मृतदेहाचे ठसे पाठवून नाव मिळवण्याची वाट बंद आहे. पोलिसांकडे ठशांची राष्ट्रीय यंत्रणा आहे, पण ती मुख्यतः गुन्हेगारांच्या ठशांची. गुन्ह्याशी कधी संबंध न आलेला माणूस तिथे सापडत नाही.

डीएनएसाठी कायदा येऊ घातला होता. जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत व्यक्ती यांच्या स्वतंत्र सूचींची तरतूद होती. कुटुंबीयांचा नमुना एकीकडे, मृतदेहाचा दुसरीकडे आणि दोन्हींची जुळणी, अशी ती कल्पना. नागरिकांची जनुकीय माहिती सरकारकडे साठण्यावर गंभीर आक्षेप आले आणि जुलै २०२३ मध्ये विधेयक मागे घेण्यात आले. आक्षेप रास्त होते, पण बेपत्ता व्यक्तींपुरती मर्यादित व्यवस्थाही त्याबरोबर बारगळली. आज डीएनए चाचणी होते ती अमुक मृतदेह अमक्याचा असावा असा संशय आधीच असेल तेव्हा. संशयच नसेल तर चाचणी कोणाशी करणार?

अमेरिकेत ‘नेमस’ ही सार्वजनिक यंत्रणा आहे. तिथे बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह या दोन्ही याद्या २००९ पासून एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि कुटुंबीयही त्यात शोध घेऊ शकतात.

जुनी प्रकरणे सुटतात तरी कशी?

मुंबईतील अंधेरीतून जानेवारी २०१३ मध्ये सात वर्षांची मुलगी शाळेला जाताना बेपत्ता झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी त्यांच्याकडे आलेल्या १६६ बेपत्ता मुलींपैकी १६५ शोधल्या होत्या. राहिलेली ही एक. निवृत्तीनंतरही ते तिचा शोध घेत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली. तिच्यासोबत काम करणाऱ्या महिलेच्या मदतीने तिने इंटरनेटवर शोध घेतला तेव्हा २०१३ चे शोधपत्रक मिळाले. त्यावरील पाच क्रमांकांपैकी एकच चालू होता, तोही शेजाऱ्याचा. त्या एका क्रमांकामुळे मुलगी नऊ वर्षांनी घरी आली.

नागपुरात २०२१ मध्ये वेगळाच योग आला. लहानपणी रेल्वे स्थानकावर सापडलेल्या आणि संस्थेत वाढलेल्या मुलाचे आधार काढायला गेल्यावर अर्ज वारंवार फेटाळला जाऊ लागला. कारण त्याचे आधार आधीच निघालेले होते. त्यावरून जबलपूरचे त्याचे कुटुंब दहा वर्षांनी सापडले.

मनोरुग्ण अवस्थेत भटकणाऱ्यांसाठी कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे काम मोठे आहे. उपचारांनंतर रुग्ण स्वतःच गावाचे नाव सांगू लागतो आणि संस्था त्याला घरी पोहोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

व्हॉट्सॲपवर फोटो फिरवून उपयोग होतो का?

नेमकी माहिती असेल तर होतो; अफवा असेल तर जीव जातो. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून आलेले भिक्षेकरी होते. त्यामागे मोबाइलवरून पसरलेल्या अफवा होत्या.

म्हणून ‘मुले पळवणारे फिरत आहेत’ असा संदेश पुढे पाठवू नये. फोटोसोबत पोलीस ठाणे, नोंद क्रमांक, तारीख आणि संपर्क क्रमांक असेल तरच पाठवावा. व्यक्ती सापडल्यावर तेही कळवावे, नाहीतर जुने फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि लोक नव्याकडेही दुर्लक्ष करू लागतात.

सात वर्षांनंतर कायदा काय म्हणतो?

एखाद्या व्यक्तीबद्दल सात वर्षे काहीच ऐकू आले नसेल, तर ती मृत असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. पुरावा कायद्यातील ही जुनी तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण सात वर्षे भरली म्हणून मृत्यूचा दाखला आपोआप मिळत नाही. त्यासाठी न्यायालयात जावे लागते.

शिवाय मृत्यू नेमका कधी झाला, हे या गृहीतकातून ठरत नाही. ‘एलआयसी विरुद्ध अनुराधा’ या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. याचा व्यावहारिक अर्थ कठोर आहे : माणूस बेपत्ता असतानाही विम्याचे हप्ते भरत राहावे लागतात. हप्ते थकून पॉलिसी बंद पडली, तर सात वर्षांनी मागितलेला दावा अडचणीत येतो. ज्या घराचा कमावता माणूसच गेला आहे, त्या घराकडून ही अपेक्षा आहे.

तोपर्यंत सातबाऱ्यावरील नाव, बँकेतील पैसे, पीककर्ज सगळे अधांतरी राहते. पत्नीला विधवांसाठीच्या योजनेत अर्ज करायचा तर पतीच्या मृत्यूचा दाखला नसतो. हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, इथपासून तिचे स्थान इतर ठरवतात. अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी या अवस्थेला संदिग्ध वियोग असे नाव दिले आहे. शोक करावा तर माणूस जिवंत असेल ही आशा, आणि आशा धरावी तर आयुष्य थांबते.

कुटुंबाने काय करावे?

• त्याच दिवशी नोंद करा आणि नोंद क्रमांकासह प्रत घ्या. आपत्कालीन मदतीसाठी ११२, मुलांसाठी १०९८.

• अलीकडचा फोटो द्या. गोंदण, जुनी शस्त्रक्रिया, हाडात बसवलेली पट्टी, दातांवरील उपचार अशा कायमच्या खुणा नोंदीत लिहून घ्या. कपडे बदलतात, या खुणा बदलत नाहीत.

• व्यक्तीचा मोबाइल क्रमांक, शक्य असल्यास हँडसेटचा आयएमईआय क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील पोलिसांना द्या. वाटेवरील दुकानांचे फुटेज जपून ठेवण्याची विनंती पहिल्या दोन दिवसांतच करा.

• घातपाताचा संशय असेल तर तो लेखी द्या. गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. कोणी डांबून ठेवल्याचा आधार असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका करता येते. जळगाव, धुळ्यासाठी ती छत्रपती संभाजीनगर खंडपीठात होते.

• महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरील अनोळखी मृतदेहांची यादी मन घट्ट करून, पण नियमित पाहा. लोहमार्ग पोलिसांकडे वेगळी चौकशी करा.

• शोधपत्रकावर दिलेला मोबाइल क्रमांक बंद पडू देऊ नका.

यातली निम्मी कामे खरे तर यंत्रणेची आहेत. प्रत्येक अनोळखी मृतदेहाचा डीएनए नमुना राखणे, कायमच्या खुणांसाठी नोंदीत ठरावीक रकाने ठेवणे आणि लोहमार्ग पोलीस व शेजारच्या राज्यांच्या याद्यांशी दर महिन्याला जुळणी करणे, एवढे झाले तरी अनेक घरांना उत्तर मिळेल. ते उत्तर नेहमीच सुखद नसेल. पण सात वर्षे उत्तराविना काढणाऱ्या कुटुंबाला दुःखद उत्तराचाही हक्क आहे.