ब्रेक पायाने नव्हे, डोळ्यांनी तपासा



चिपळूणच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. घरचा ट्रक अब्बांच्या वेळचा, एअर ब्रेकचा. आता तो भाईजान चालवतात. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. गॅरेजमध्ये पुढच्या डाव्या चाकाला नवे लायनर घातले. पैसे गेले, ओढणे मात्र वाढले. भाईजान म्हणतात, ‘‘पेडल नेहमीसारखेच लागते, ब्रेक ठीक आहे.’’ ते घाटात असले की अम्मी तसबीह घेऊन बसतात. ‘‘गाडी विकून टाकावी का?’’ असे भगिनीने विचारले आहे.

आधी भाईजानच्या बोलण्याकडे वळू. जीप-कारच्या ऑइल ब्रेकमध्ये बिघाड झाला तर बहुतेक वेळा पायाला कळते. पेडल मऊ लागते किंवा खाली जाते. एअर ब्रेकचे तसे नाही. इथे पाय फक्त एक व्हॉल्व्ह उघडतो. टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते, तिथला रबरी डायाफ्राम रॉडला ढकलतो, रॉड स्लॅक अॅडजस्टर फिरवतो, त्याने कॅम फिरतो आणि ब्रेक शू पसरून लायनर ड्रमला घासतात. यातले एखादे चाक काहीच काम करत नसले तरी पेडल नेहमीसारखेच लागते. म्हणून जुन्या ट्रकचा ब्रेक खाली वाकून बघावा लागतो.

आता ओढण्याबद्दल. ब्रेक लागताना गाडी डावीकडे जाते, म्हणजे डावे चाक पकडते आहे आणि उजवे पकडत नाही. आजारी चाक उजवे. गॅरेजवाल्याने चांगल्या चाकाला नवे लायनर घातले, म्हणून फरक आणखी वाढला. ही चूक फार ठिकाणी होते.

तपासणी अशी करा. सपाट जागा, गाडी रिकामी, टायरच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे. ठोकळे लावल्याशिवाय कोणीही गाडीखाली जायचे नाही. मागच्या चाकांची तपासणी हँडब्रेक सोडूनच करावी लागते, तेव्हा तर ठोकळ्यांशिवाय चालणारच नाही.

पहिले, हवा. टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि एकाने पेडल मिनिटभर दाबून धरा. सुई आधी थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. ती उतरतच राहिली तर कुठेतरी गळती आहे. दुसऱ्याने चाकांजवळ कान द्यावा. पेडल दाबल्यावरच एखाद्या चेंबरपाशी ‘सूं’ आवाज आला तर डायाफ्राम फाटलेला असण्याची शक्यता मोठी. जोडांवर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी दिसते.

दुसरे, रॉड. पेडल सोडलेले असताना चेंबरच्या तोंडाशी रॉडवर खडूने खूण करा. मग पेडल दाबायला सांगून ती खूण किती बाहेर आली ते मोजा. मोठ्या चेंबरला, म्हणजे 30 नंबरला, दोन इंच ही शेवटची हद्द. लहान चेंबरला त्याहून कमी. त्यापुढे रॉड आला तर जोर झपाट्याने घटतो. एकाच अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे माप सारखे हवे.

स्लॅक हाताने अॅडजस्ट करायचा असेल तर चाक उचलून लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मग चाक मोकळे फिरेल इतपत मागे सोडा. रॉड मोजून पुन्हा खात्री करा.

तिसरे, ड्रम. सपाट रस्त्यावर चार-सहा वेळा ब्रेक लावून गाडी उभी करा आणि ड्रमजवळ हात न्या, लावू नका. उजवा थंड आणि डावा तापलेला असेल तर शंका फिटली. मग उजवा ड्रम उघडा. हबच्या सीलमधून ग्रीस गळून लायनर माखलेले आहेत का, कॅम बुशमध्ये अडकतो आहे का, ड्रमला आरपार चीर आहे का, हे बघा. माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत घालू नयेत. ग्रीस आत मुरलेले असते, तापले की पुन्हा वर येते. आधी सील बदला, मग लायनर, आणि तेही दोन्ही बाजूंचे एकाच वेळी, एकाच जातीचे.

दोन गोष्टींची सक्त ताकीद. मागच्या चाकांना स्प्रिंगचा दुहेरी चेंबर असेल तर तो घरी उघडू नका. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. आणि ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा, घरातली मुले लांब ठेवा.

कोकणच्या दमट हवेत टाकीत पाणी लवकर साठते. ते रोज संध्याकाळी सोडा. पाण्याबरोबर तेल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवा.

आता घाट. ज्या गिअरमध्ये लोडची गाडी चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही कमी होते. सकाळी ठीक वाटलेला सैल स्लॅक अशा वेळी अर्ध्या घाटात दगा देतो.

8 वर्षांपुढच्या ट्रकला फिटनेस दरवर्षी करावा लागतो. पण स्लॅक काही आठवड्यांतच ढिला होतो, त्याला वर्षाची वाट माहीत नाही. दर जुम्म्याला नमाजला जाण्याआधी अर्धा तास या कामाला द्या. रॉडची मापे वहीत लिहा. अब्बांना सोबत बसवा. त्यांचे कान या गाडीला ओळखतात.

गाडी विकायची गरज मला दिसत नाही. तरी विकायचीच ठरली तर दोष सांगून विका. दोष झाकून माल विकणे आपल्याला जायज नाही आणि इथे त्या दोषाखाली दुसऱ्याच्या घरचा मुलगा जाईल. उजवे चाक दुरुस्त होईपर्यंत मात्र भाईजानने घाटाचे भाडे घेऊ नये. दोन-तीन दिवसांची रोजी बुडेल, ती अल्लाह देणारा आहे. उंट आधी बांधा, मग तवक्कल करा, ही हुजूरांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. ट्रकवाल्याच्या घरात उंट बांधणे म्हणजे हेच. अम्मींची दुआ तर आहेच. तिच्यासोबत वहीतली मापेही असू द्या.