आधी पंगत, मग भाषणे

आपल्या दाल बाजारात तूरडाळीची पोती महिनोन्‌महिने राहतात. फार तर कीड लागते, पण डाळ आंबत नाही. तिचेच वरण मात्र उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबूस लागते. कोरड्या डाळीत पाणी इतके थोडे असते की जिवाणू तग धरतात, पण वाढू शकत नाहीत. आपण पाणी घालून शिजवतो आणि त्यांचीही सोय करतो.

‘शिजवले म्हणजे सगळे जंतू मेले’ हा समज अर्धाच खरा आहे. तांदळाबरोबर शेतातल्या मातीतून ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू येतात. बीजाणू म्हणजे जणू चिलखत घातलेला जिवाणू. उकळत्या पाण्यातूनही तो वाचतो, भात कोमट झाला की जागा होतो आणि वाढू लागतो. अनुकूल उबेत जिवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात! (विद्यार्थ्यांनी वहीत करून पाहावे.) वाढताना तो जे विष भातात सोडतो, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. आचाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून येणाऱ्या ‘स्टॅफिलोकॉकस’चेही तसेच.

म्हणूनच गणेशोत्सवातील सहभोजनाविषयी विश्वस्त मंडळास स्पष्ट लिहावेसे वाटते. भाद्रपदातील दमट हवा, सकाळी सातला शिजलेला मसालेभात, मग आरती, बक्षिसे, भाषणे आणि दोन वाजता पंगत. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही जिवाणूंच्या वाढीची पट्टी. मोठ्या पातेल्याचा मधला भाग त्या पट्टीत तासन्‌तास कोमट राहतो. शिजलेले अन्न तिथे दोन तासांहून अधिक, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक राहू नये. तेव्हा भात अकराला चढवावा, पंगत बाराला बसवावी आणि भाषणे नंतर ठेवावीत. श्रोते कमी उरतील हा आक्षेप मी ऐकला आहे. उरू देत. वक्तेही जेवलेलेच असतील.

पाण्याचे तेच. तिघऱ्याचे पाणी मोतीझीलला शुद्ध होते, पण शाळेच्या टाकीत साठून राहिले की क्लोरीन उडून जातो. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. तो तपासण्याचा संच स्वस्त मिळतो. हे काम नववीच्या मुलांकडे द्यावे. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे आजाराची साथ आली, तेव्हा अनेक रुग्णांत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ सापडला आणि संशय पाण्यावर गेला. पिंपात पेले बुडवणे तर आजच थांबवता येईल. तोटी लावायला किती खर्च येतो?

उरलेला मसालेभात डब्यात नेणाऱ्या पालकांना एक विनंती. गरम भात डब्यात दाबून भरू नये. घरी पोहोचताच पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये ठेवावा, आणि पंगत उशिरा उठली असेल तर नेऊच नये.