पडण्याआधीची तयारी

पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याच्या दक्षिणेस, तैलबैला नावाचे ठिकाण आहे. पठारावर काळ्या कातळाच्या दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या असून त्यांच्यामधल्या खिंडीत एक लहानसे देऊळ आहे. या भिंती सुमारे २०० ते २५० फूट सरळ वर जातात. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी तेथे तरुण-तरुणी कमरेला दोर बांधून कडा चढताना दिसतात. आपल्या बीड जिल्ह्यातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यास गेलेली मुलेही त्यांत असतात. मग त्यांचे चित्रण घरच्या मोबाइलवर येते आणि आजी-आजोबांची झोप उडते. दवाखान्यात येणारी ज्येष्ठ मंडळी ते मला दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, हा पोरगा तिथून पडला तर?"

प्रश्न रास्त आहे. तो नीट समजून घेतला, तर त्याचे उत्तर नातवाइतकेच आजोबांच्याही उपयोगाचे आहे. म्हणून या वेळच्या लेखात कड्याविषयी थोडे लिहितो.

अशा चढाईच्या वाटेवर कातळाला भोके पाडून पोलादी बोल्ट आधीच पक्के बसवलेले असतात. चांगला बोल्ट कसा असावा याची मानके ठरलेली आहेत. युरोपीय मानकाप्रमाणे त्याने खालच्या दिशेने २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन, भार सोसला पाहिजे. पुढे चढणारा आपला दोर प्रत्येक बोल्टमध्ये अडकवत वर जातो. खाली उभा असलेला त्याचा जोडीदार तो दोर एका उपकरणातून हळूहळू सोडत असतो. या दोर सांभाळण्याला 'बिले देणे' म्हणतात. चढणाऱ्याचा हात सुटला, तर तो शेवटच्या बोल्टच्या जितका वर असेल, साधारण त्याच्या दुप्पट अंतर खाली येतो आणि दोरावर लोंबकळतो. दोर किंचित ताणला जाणारा असल्यामुळे झटका सौम्य होतो. कडा उंच असेल तर ही चढाई टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एकाहून अधिक बोल्ट असतात. तेथे स्वतःला बांधून घ्यायचे, श्वास घ्यायचा, जोडीदाराला वर आणायचे आणि मगच पुढचा टप्पा सुरू करायचा.

तेव्हा आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, नातू कधी ना कधी पडणारच. सराव करणारा प्रत्येक जण पडतो. मात्र पडलो तर काय होईल, याचा विचार पहिले पाऊल उचलण्यापूर्वीच केलेला असतो. त्याला जरूर विचारावे की, शिकवणारा जाणकार सोबत आहे ना, डोक्यावर हेल्मेट आहे ना, एकमेकांच्या गाठी तपासता ना, आणि पावसाने गंजलेल्या जुन्या बोल्टवर भिस्त तर ठेवत नाही ना. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यांचीही चौकशी करावी. या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर निश्चिंत मनाने त्याला आशीर्वाद द्यावा.

आता मी उलट विचारतो. आजोबा, तुम्ही पडलात तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अपघाती दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि अशा मृत्यूंचा सर्वाधिक धोका साठीपुढील व्यक्तींना असतो. वृद्ध माणसे बहुधा न्हाणीघरात, उंबरठ्यावर, रात्री लघवीला उठताना किंवा अंगणातल्या ओल्या फरशीवर पडतात. तेथे ना बोल्ट असतो, ना दोर. खुब्याचे हाड मोडल्यावर मग घरात दांडी बसते, खुर्ची येते, रात्रीचा दिवा येतो. हे सारे आधी आले असते तर, असे वाटण्याची वेळ कोणावरही येऊ नये, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

घरातले बोल्ट

न्हाणीघरात व संडासाजवळ धरायला पक्की दांडी हवी. टॉवेल टांगायची दांडी या कामाची नाही. ती माणसाच्या वजनासाठी केलेलीच नसते. बोल्ट बसवणारे आरोहक आधी हातोडीने कातळ ठोकून पाहतात. आवाज पोकळ आला तर तेथे बोल्ट बसवत नाहीत. आपल्या घरीही गिलाव्याच्या मागे पक्की वीट वा काँक्रीट आहे का, हे गवंड्याकडून पाहून घ्यावे. भिंत मातीची वा पत्र्याची असेल, तर तिला भोक पाडण्यापेक्षा जमिनीत सिमेंटने पक्का रोवलेला लोखंडी खांब अधिक भरवशाचा. दांडीची उंची अशी असावी की, ती धरली असता कोपर किंचित वाकलेले राहील. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने तिला सर्व ताकदीनिशी ओढून पाहावे.

पलंगापासून संडासापर्यंतची रात्रीची वाट हा घरातला सर्वांत अवघड कडा समजावा. त्या वाटेवर मंद दिवा असावा. वीज जाते तेव्हासाठी उशाशी बॅटरी असावी. सुटे पायपुसणे, पाण्याची बादली, चार्जरची वायर त्या वाटेवर नको. पायांत सैल चप्पल नको. मागून पट्टा असलेली, तळ न घसरणारी पादत्राणे हवीत.

टप्प्याटप्प्याने उठणे

एका दमात कडा चढत नाहीत, तसे पलंगावरून एका दमात उठू नये. आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, पावले वर-खाली हलवावीत. नंतर आधार धरून उभे राहावे आणि डोळ्यांपुढे अंधारी येत नाही याची खात्री झाल्यावरच चालू लागावे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी वा त्याहून अधिक उतरत असेल, तर ते चक्कर येऊन पडण्याचे मोठे कारण ठरू शकते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या व झोपेच्या काही गोळ्यांनी हे वाढते. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की आणखी वाढते. म्हणून पुढच्या भेटीत आपला रक्तदाब झोपून आणि उभे राहून, असा दोन्ही प्रकारे मोजायला डॉक्टरांना सांगावे. घरातली सर्व औषधे, आयुर्वेदिक व दुकानातून आणलेलीही, एका पिशवीत घालून न्यावीत. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

पायांची ताकद

कडा हातांनी चढतात, असा आपला समज असतो. जाणकार आरोहक सांगतात की भार पायांवर घ्यायचा असतो, हात मुख्यतः तोल राखण्यासाठी. म्हातारपणीही हेच खरे आहे. मांड्यांचे स्नायू बळकट असतील, तर ठेच लागली तरी माणूस सावरतो. पाठीमागे भिंत असलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर घ्यावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजावे. शेजारी घरातले कोणी उभे असावे. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा व स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर पायांना सरावाची गरज आहे. सराव हाच करायचा: सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून उठणे-बसणे, आरंभी हाताचा आधार घेऊन. त्याच्या जोडीला ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे, टाचा उचलणे. तोल व ताकद यांचा असा व्यायाम ज्येष्ठांनी आठवड्यातून निदान तीन दिवस करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल वा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी विचारून घ्यावे.

हाताच्या पकडीलाही महत्त्व आहेच. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पकड जितकी कमी, तितका मृत्यूचा धोका अधिक, असे आढळले. याचा अर्थ पकड वाढवली की आयुष्य वाढते असा नव्हे. पकड ही साऱ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे, असा आहे. तेव्हा ताटात रोज डाळ, उसळ, दूध-दही आणि चालत असेल त्यांना अंडे असावे. 'या वयात भूक कुठे असते' म्हणत चहा-बिस्किटांवर दिवस काढू नये.

दोर किती ओढावा

आता काळजी घेणाऱ्या लेकी-सुनांना आणि मुलांना दोन शब्द. बिले देणाऱ्याकडून दोन प्रकारच्या चुका होतात. दोर फार सैल सोडला तर चढणारा खोल पडतो. फार ताणून धरला तर त्याला पुढे सरकताच येत नाही, उलट त्या ओढीनेच त्याचा तोल जातो. 'आई, तुम्ही उठू नका, पाणी मी आणून देते' हे वाक्य प्रेमाचे आहे, परंतु दिवसातून वीस वेळा उच्चारले तर तो ताणलेला दोर होतो. पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू झिजतात आणि स्नायू झिजले की माणूस खरोखरच पडतो. आईंना उठू द्यावे, पाणी आणू द्यावे; आपण हाताच्या अंतरावर असावे. दंड पकडून ओढत नेऊ नये. किंचित मागे व बाजूला राहून चालावे, म्हणजे गरज पडताच आधार देता येतो.

स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी यांनी २०१७ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, आर्जेंटीन पर्वताची 'आरसा' या अर्थाच्या नावाने ओळखली जाणारी ४०० मीटरांहून उंच भिंत चढून पार केली. त्यांचे उदाहरण मी अनुकरणासाठी देत नाही. त्यांचे अवघे आयुष्य डोंगरांत गेले होते. लक्षात घ्यावे ते हे की, त्या दिवशी त्यांची मुले क्लोद व इव्ह त्यांच्यासोबत होती. दोघेही नामवंत आरोहक. वडिलांना घरी बसवून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी वडिलांना सुरक्षितपणे चढू दिले.

दोर धरणारा दूर असेल तेव्हा

आपल्या जिल्ह्याचे एक दुखणे वेगळे आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने कित्येक गावांत म्हातारी माणसे व लहान नातवंडेच घरी राहतात. अशा घरी आजी पडली, तर तासन्‌तास जमिनीवर पडून राहण्याचा धोका असतो. त्यामुळे दाबाच्या जखमा होतात, शरीरातले पाणी कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. कोयता बांधण्यापूर्वी मुलांनी ही व्यवस्था लावून जावे: सकाळी व रात्री ठरलेल्या वेळी फोन, फोन उचलला नाही तर दार ठोठावणारा एक शेजारी, आणि तो नसेल तर दुसरा, दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी. आजीच्या गळ्यात शिट्टी असावी. हाक मारून घसा कोरडा पडतो, शिट्टी दूरवर ऐकू जाते. नातवाला आशा ताईंचा व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पाठ असावा.

कोणी पडलेच, तर घाईने उचलू नये. आधी विचारावे, कुठे दुखते ते. जांघेत तीव्र दुखत असेल, पाय आखूड वा बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, उभे राहता येत नसेल, तर खुबा मोडलेला असू शकतो. तेथे चोळू नये, मालीश करू नये. पाय आहे त्या स्थितीत ठेवून रुग्णालयात न्यावे. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी तपासणी त्याच दिवशी व्हावी. आणि दुखापत झाली नसली तरी पडल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते, आणि 'उगाच मुलांना काळजी' म्हणून अनेक आजी ही गोष्ट लपवतात.

पुढील अंक हाती येईपर्यंत पंधरा दिवस आहेत. एवढ्या अवधीत घरातले सर्व बदल होणार नाहीत, व्हायलाही नकोत. आज रात्री फक्त पलंगापासून संडासापर्यंत दिवा न लावता हळूहळू, भिंतीला धरून, सोबत कोणाला तरी घेऊन, घरातल्या धडधाकट माणसाने चालून पाहावे. हाताला जेथे काही धरायला सापडत नाही, तेथे खडूने खूण करावी. उद्या गवंड्याला ती खूण दाखवावी.