पाच स्टारचा गीझर आणि आमचे फ्रीजवाले काका

दोन शनिवार गायब होतो. गावी, म्हणजे वाशीमला होतो आणि लॅपटॉपऐवजी हातात पान्हा होता. त्या दोन आठवड्यांत जी चिडचिड साठली ती आज इथे ओततोय. सांभाळून घ्या. किंवा नका घेऊ.

आधी एक प्रश्न. तुमच्या बाथरूममधल्या गीझरवर किती स्टार आहेत? पाच? छान. आता सांगा, ते पाच स्टार कशाचे? मी चार मित्रांना विचारलं, चौघेही इंजिनिअर. चौघांचंही उत्तर एकच, 'कमी विजेत पाणी तापतं.' साफ चूक! साठवणीच्या गीझरवरचे बीईईचे स्टार एवढंच सांगतात की तापलेलं पाणी टाकीत नुसतं पडून राहिलं तर त्यातली उष्णता किती हळू जाते. म्हणजे ते स्टार थर्मासचे झाले. पाणी तापवायला एक स्टारवाला आणि पाच स्टारवाला जवळपास सारखीच वीज खातात, कारण दोघांच्या पोटात तीच तापणारी तार. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या रॉडमध्येही तीच.

एक युनिट वीज घाला, एक युनिट उष्णता घ्या. तार याहून जास्त देऊच शकत नाही. पण उष्णता नव्याने तयार करण्याऐवजी बाहेरच्या हवेतली उचलून पाण्यात टाकली, तर एका युनिटात दोन-तीन युनिटांचं काम होतं. घरचा फ्रीज हेच तर करतो. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. ही कल्पना विल्यम थॉमसनने (तेच ते, पुढचे लॉर्ड केल्विन) 1852 साली मांडली. जपानमध्ये 2001 पासून 'इकोक्यूट' नावाने असे हीटर घरांसाठी विकले जाताहेत. आणि आम्ही? मेकॅनिकलला याच चक्राच्या आकृत्या काढून मार्क मिळवले, रूमवर आलो आणि बादलीत रॉड टाकला. मी पण. आता तर मी जावा लिहितो, त्यामुळे तेवढाही संबंध उरला नाही.

असो. तर गावी गेल्यावर आमच्या फ्रीजवाल्या काकांकडे गेलो. कागदावर आकृती काढून, बाण-बिण दाखवून समजावायला लागलो. त्यांनी अर्ध्यात थांबवलं. "भाऊ, हा तं फ्रीजच हाय. उलटा." माझं लेक्चर संपलं.

भंगारातून एक टनाचा जुना विंडो एसी आणला. त्यातला गॅस काकांनी हवेत न सोडता आधी सिलिंडरमध्ये ओढून घेतला. पुढची जाळी हवेतून उष्णता घ्यायला तशीच ठेवली. मागच्या जाळीऐवजी तीन सुती तांब्याचा पाइप, पन्नास फूट, एका जुन्या पिंपाभोवती वळवून त्याचं वेटोळं शंभर लिटरच्या स्टीलच्या टाकीत सोडलं. ब्रेझिंग, व्हॅक्यूम, गॅस, सगळं काकांनी केलं. मी टॉर्च धरला.

पहिल्या दिवशी फजिती. पाणी कोमट होतंय तोवर गेजचा काटा चढत चढत गेला आणि कॉम्प्रेसर ट्रिप. मी लॅपटॉप काढून गणित मांडायला बसलो. काकांनी पाइपाला लांबून हात दाखवला आणि म्हणाले, "गर्मी पाण्यात जाऊन नाई राह्यली, वेटोळं कमी पडलं." माझं गणितही तासाभराने तिथंच पोचलं. मग पन्नास फुटांचं दुसरं वेटोळं पहिल्याला समांतर जोडलं. काटा शांत.

आकडे देतो, नाहीतर तुम्ही सोडणार नाही. 100 लिटर पाणी 22 वरून 47 अंशांवर न्यायला 2.9 युनिट उष्णता लागते. आमच्या डब्याने, पंख्यासकट, मीटरवर 1.2 युनिट खाल्ले. तासाभरात. 47 च्या पुढे ताणलं नाही, दाब वाढतो. वाशीमला डिसेंबरातही दुपारचा पारा पंचविशी ओलांडतो, म्हणून दुपारी तापवायचं, टाकीला जाड गोधडी, सकाळी आंघोळ. आईचा अभिप्राय : "आवाज लय करते."

(सूचना : हे घरी एकट्याने करू नका. गॅस आणि ब्रेझिंग शिकलेल्या माणसाचंच काम आहे. अर्थिंग आणि ईएलसीबी हवंच. वेटोळं फुटलं तर तेल आणि गॅस पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी फक्त अंगावर, पोटात नाही.)

फोटो पाहून ऑफिसातले म्हणाले, "वा, काय जुगाड आहे!" इथे माझं डोकं फिरलं. जुगाड? आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड आणि त्यावर वीस-बावीस उन्हाळ्यांचा हात, याला जुगाड म्हणायचं, आणि आतून रॉडच असलेल्या चकचकीत पांढऱ्या डब्याला टेक्नॉलॉजी? काकांचा धंदा मार्च ते जून. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दुकानात माशा मारतात, पोरगा पुण्याला कुरिअर पोचवायला जातो. आणि गरम पाणी लागतं कधी? नेमकं त्याच चार महिन्यांत! तालुक्याच्या प्रत्येक गावात असे एक-दोन काका असतील. हत्यारं आहेत, हात आहेत, भंगारात कॉम्प्रेसर आहेत. ऑर्डर नाही.

आता तुमचं शस्त्र : वाशीमला ऊन काय कमी आहे, सोलर बसव की! बरोबर. स्वतःची गच्ची असेल तर खुशाल बसवा, मी भांडणार नाही. दुसरं शस्त्र जास्त धारदार आहे, ते मीच देतो. आमचा खर्च झाला सतरा हजारांच्या आसपास, त्यात तांबंच जास्त. वाचतात महिन्याला 50 युनिट, तेही चार महिने, कारण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चटके देतं. एका घरासाठी हा हिशेब सात-आठ वर्षं जुळत नाही. मान्य.

पण साठ मुलींचं वसतिगृह घ्या. वीस लिटर धरले तरी रोज 1200 लिटर. तारेने 35 युनिट, या पद्धतीने साडेचौदा. रोज वीस युनिट! आणि तिथे आज काय चालतं? मुली चोरून रॉड लावतात, रेक्टर जप्त करतात, पुन्हा नवा रॉड येतो. ओल्या फरशीवर, प्लास्टिकच्या बादलीत, दोन पिनांच्या प्लगवर. यात शॉक लागून माणसं मरतात, हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणून मागच्या सोमवारी काका आणि मी एका वसतिगृहाच्या व्यवस्थापकांकडे गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आकडे मांडले, मीटरचे फोटो दाखवले, टाकी मोठी कशी करायची, मुलींच्या पाण्यात गॅसचा पाइप येऊ नये म्हणून मध्ये दुसरं वेटोळं कसं टाकायचं, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"ते सगळं ठीक आहे हो, पण याला स्टार किती?"

काका माझ्याकडे बघायला लागले.