एलियाची भाकर

‘फादर, तिला त्या समुपदेशकाकडे कशाला पाठविता? तुम्हीच तिच्या डोक्यावर हात ठेवा.’ पंचवीस वर्षांच्या पौरोहित्यात ही विनवणी मी असंख्य वेळा ऐकली. अनेकदा हात ठेवला, नोव्हेना सांगितली. आणि त्यांपैकी एका प्रसंगाचा पश्चात्ताप आजही करतो आहे. एका तरुण मातेला बाळंतपणानंतर झोप येईना, स्वतःचाच तिटकारा वाटू लागला. चार वेळा ती माझ्याकडे आली आणि चारही वेळा ‘श्रद्धा वाढव’ असे सांगून मी तिला परत पाठविले. तिची श्रद्धा माझ्याहून उणी नव्हती. मी वाढविला तो केवळ तिचा अपराधभाव. पुढे बहिणीने तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले, म्हणून ती आज लेकराचे बोट धरून मिस्साला येते. तेव्हा हा वाद मी इतरांशी घालतो, तितकाच स्वतःशीही.

मनाचे दुखणे म्हणजे श्रद्धेची उणीव, असे म्हणणाऱ्यांनी राजांच्या पहिल्या ग्रंथातील एलिया संदेष्टा आठवावा. झुडपाखाली पडून तो मरण मागत होता. देवदूताने त्याची कानउघाडणी केली नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. देवाची वाणी त्याने ऐकली ती त्यानंतर.

संत इग्नेशियस लोयोला यांचीही कथा अशीच. १५२२ साली मान्रेसा येथे जुन्या पापांच्या शंकांनी त्यांना इतके ग्रासले की ते पुनःपुन्हा पापनिवेदन करीत. तरी शांती लाभेना. खोलीतील विवरातून स्वतःला झोकून द्यावे, अशी ऊर्मी वारंवार येई, हे त्यांनीच आत्मकथनात सांगितले आहे. अधिक पापनिवेदन हा त्यांच्या दुखण्यावरचा उपाय नव्हता. ते त्या दुखण्याचेच लक्षण होते. पुढे १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आत्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी नियम घालून दिले: मन अंधारलेले असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये, त्या उदासीनतेच्या उलट कृती करावी आणि मनातील गोष्ट जाणत्या मार्गदर्शकापासून लपवू नये.

आजचा उपचारतज्ज्ञ वेगळे काय शिकवितो? भावनेची लाट उसळली असता तत्काळ निर्णय घेऊ नये. श्वास सावकाश सोडावा. चेहरा गार पाण्यात धरावा, त्याने हृदयाची धडधड मंदावते. मनात आलेला विचार कागदावर उतरवून त्याला पुरावा काय, ते तपासावे. अंथरूण सोडू नये असे वाटेल तेव्हाच मुद्दाम उठून अंगण झाडावे. यात निरीश्वर ते काय? अशा कौशल्यांची एक उपचारपद्धती १९९३ साली ग्रंथरूपाने मांडणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान कॅथॉलिक घरात वाढल्या. सतराव्या वर्षी आपणही मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. १९६७ साली शिकागोतील एका प्रार्थनालयात त्यांना देवाच्या प्रेमाचा साक्षात्कार झाला. पण तेवढ्यावर न थांबता त्या मानसशास्त्र शिकल्या. कृपेने उभे केले आणि अभ्यासाने चालायला शिकविले.

‘अजून किती दिवस जाणार?’ असे घरची माणसे विचारतात. आपल्या गायनवृंदातील व्हायोलिनवादक एका रविवारात तयार झाला का? मन शांत असताना रोज केलेला सरावच वादळात कामी येतो. त्याला महिने लागतात, मध्येच पाऊल घसरते. अशा वेळी टोमणा नव्हे, सोबत हवी.

‘लोक काय म्हणतील?’ या धास्तीला उत्तर एकच. आपण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सहा महिने दर आठवड्याला मनोविश्लेषकाकडे जात होतो, असे पोप फ्रान्सिस यांनी सांगितल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. पेत्राच्या आसनावर बसलेल्याला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्या आळीला का वाटावी?

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. उपचारतज्ज्ञ पापक्षमा देऊ शकत नाही, आणि खऱ्या अपराधाची टोचणी हा आजार नव्हे. त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे. पण हाच न्याय उलटही लागू करा: पापनिवेदनाची खुर्ची म्हणजे दवाखाना नव्हे.

म्हणून प्रार्थनागटांना आणि माझ्या पुरोहित बंधूंना सांगणे आहे, दुःखी माणसासाठी प्रार्थना जरूर करा. पण त्याची औषधे आणि उपचार थांबवायला सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. चर्चच्या फलकावर मिस्साच्या वेळांशेजारी शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहा.

एलियाला होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालायचे होते. देवदूताने भाकरीऐवजी उपदेश दिला असता, तर तो त्या झुडपाखालीच राहिला असता.