होडीच्या टाकीलाही कार्ड द्या

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग गावोगावच्या विहिरी, हातपंप आणि नळयोजना तपासतो आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतो. उगमाभोवती घाण, गळके व्हॉल्व्ह, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा पत्ता नाही, अशी अवस्था असेल तर लाल. थोडेफार चुकत असेल तर पिवळे, सगळे ठीक असेल तर हिरवे. गावचा जलसुरक्षक नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन ओटी चाचणी करतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर पावडर टाकायची राहिली. ही पद्धत परिपूर्ण नाही, पण महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ती ठाऊक आहे.

त्याच गावच्या धक्क्याला लागलेल्या ट्रॉलरवरच्या पाण्याच्या टाकीत मात्र कुणी डोकावत नाही. तांडेल आणि खलाशी आठ-आठ दिवस दर्यावर त्या टाकीवर काढतात. भात त्याच पाण्यात शिजतो, ताटे त्यातच धुतली जातात, तोंडही त्यानेच खंगाळले जाते. पिण्यासाठी वीस लिटरचे जार नेतो, असे नाखवा सांगतो आणि ते खरेही असते. पण जार संपले की टाकीची तोटी आहेच.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारल्या जातात, इंजिन उघडले जाते, तळाला रंग लागतो, जाळी दुरुस्त होतात. वर्षभराची सगळी डागडुजी या दोन महिन्यांत उरकते आणि तिच्यात पाण्याची टाकी सहसा नसते. मे महिन्यात भरलेले पाणी तळाशी तसेच राहते. कोंदट उबेत टाकीच्या आणि पाइपांच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. जंतू या थराच्या आत राहतात आणि वरून भरलेल्या ताज्या पाण्यातला क्लोरीन हा थरच खाऊन टाकतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून निघालेली होडी मागच्या हंगामाचा हा ऐवज घेऊनच निघते.

मोठ्या जहाजांनी या दुर्लक्षाची किंमत मोजली आहे. 1970 ते 2003 या काळात जहाजांवरच्या पाण्यातून झालेल्या आजारांच्या 21 साथींचा आढावा 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. बाधितांची संख्या सहा हजारांहून अधिक होती. त्यात सापडलेली कारणे कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर पटतील अशी आहेत: बंदरावर भरलेले पाणीच दूषित, भरण्याची पद्धत चुकीची, टाक्यांची देखभाल नाही, सांडपाण्याच्या नळीशी नकळत झालेली जोडणी आणि पाण्यात पुरेसा क्लोरीन नसणे. ती जहाजे डॉक्टर आणि अभियंते बाळगणारी होती. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या किंवा मुंबईच्या ससून डॉकमधल्या ट्रॉलरवर यातले कुणीच नसते.

उपाय स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा त्याला कुणी भाव देत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी, झाकण उघडून आतला थर ब्रशने घासून काढावा आणि गाळ बाहेर टाकावा. हे न करता नुसते औषध ओतले तर बराचसा क्लोरीन चिखलावरच खर्ची पडतो. मग प्रमाण. निर्जंतुकीकरणासाठी लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. 33 टक्के क्लोरीनची चांगली टीसीएल असेल तर पाचशे लिटरच्या टाकीला साधारण 75 ग्रॅम पुरते. पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे स्वच्छ पाणी टाकीत ओतायचे. पाच टक्क्यांचे साधे, सुगंध न घातलेले ब्लीचचे द्रावण मिळाले तर त्याच टाकीला अर्धा लिटर. मग टाकी काठोकाठ भरून पंप चालू करायचा, सगळ्यात लांबची तोटी आधी उघडायची आणि क्लोरीनचा उग्र वास येईपर्यंत पाणी सोडायचे. हेच प्रत्येक तोटीला, कारण एखादी सोडली तर तेवढ्या पाइपातले जंतू तसेच राहतात. फिल्टरची कांडी आधी काढून ठेवावी, नाहीतर तीच क्लोरीन शोषून घेईल. चार तास थांबून सगळे ओतून द्यावे आणि वास जाईपर्यंत गोड्या पाण्याने धुवावे. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर द्रावण त्याहून जास्त वेळ ठेवू नये, धातू खराब होतो. संडास साफ करायचे अॅसिड क्लोरीनच्या आसपासही आणू नये. बंद खणात त्या दोहोंतून निघणारा वायू जीवघेणा असतो.

आज बोटीवर काय होते? कुणी तुरटी फिरवतो, कुणी मूठभर पावडर अंदाजपंचे टाकतो. तुरटीने गढूळ पाणी निवळते, पण तिच्या भरवशावर जंतू मरत नाहीत. अंदाजाची मूठ कधी कमी पडते, कधी इतकी जास्त होते की खलाशी ते पाणी तोंडात घेत नाहीत आणि पुढच्या खेपेला पावडरच बंद होते.

कायद्याचे चित्र गमतीचे आहे. परदेशी वाहतूक करणाऱ्या जहाजाला स्वच्छतेचे प्रमाणपत्र बाळगावे लागते आणि ते सहा महिन्यांपुरतेच चालते. व्यापारी जहाजांवरच्या कामगारांना चांगले पिण्याचे पाणी मोफत मिळायला हवे, असे सागरी कामगार करार सांगतो. भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला, पण मासेमारी नौका त्याच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2007 चा वेगळा करार आहे. बोटीवर पुरेसे, पिण्यायोग्य पाणी असावे, ही अट त्यात आहे. त्यावर भारताची मोहोर नाही. परिणामी मुंबई बंदरात आलेल्या परदेशी जहाजाची टाकी तपासली जाते आणि शेजारी ससून डॉकला लागलेल्या आपल्या ट्रॉलरची नाही.

दिल्लीची वाट पाहण्याची तरी काय गरज? मासेमारी नौकांना डिझेलवरच्या करात सवलत मिळते, ती मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत. बोटीच्या कागदांची तपासणी संस्था आणि मत्स्यव्यवसाय खाते करतातच. ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी टाकी धुतल्याची एक नोंद त्या कागदांत वाढवणे फार मोठे काम नाही. मात्र ही नोंद दंडाची करू नये. दंड लावला तर टाकी न धुताच नोंद होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. गावाला जसे कार्ड मिळते तसे बोटीला मिळावे आणि हिरव्या कार्डाची बोट कोणती हे कामावर चढण्याआधी खलाशाला कळावे. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळहून आलेली मुलेही काम करतात. त्यांना बोट निवडताना हा एक तरी निकष मिळेल.

नाखव्याच्या आधी जेटीवरचा नळ तपासायला हवा. होडीत पाणी भरणारी नळी धक्क्यावर माशांच्या पाण्यात लोळत असते आणि तीच नळी थेट टाकीत जाते. त्या नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला नसेल तर टाकी कितीही घासली तरी आठवड्यात पूर्वपदावर. मात्र हा नळ नेमका कुणाचा, यावर बंदर खाते, मत्स्यव्यवसाय खाते आणि स्थानिक संस्था एकमेकांकडे बोट दाखवतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या जेटीचा नळ जलसुरक्षकाच्या रोजच्या फेरीत घातला तर चाचणीला मिनिटभरही लागत नाही. शहरातल्या बंदरात हे काम पालिकेच्या आरोग्य विभागाने करावे. जुलैत ताजी पावडर मिळायची तर मागणी मात्र मेअखेरीस नोंदवावी लागेल, कारण पावसाळी हवेत जुने पोते उघडे राहिले की टीसीएलचा जोर उतरतो आणि जुलैत हाती नुसता चुना उरतो.