अंगावरचे रखवालदार

तापीकाठचे बऱ्हाणपूर मराठी वाचकास ठाऊक असते ते बहुधा मराठ्यांच्या १६८१ च्या स्वारीमुळे. आज आम्हांस त्याचे स्मरण झाले ते निराळ्या कारणाने. या शहरात पाण्याची दोन जुनी कामे आहेत. एक, शाही किल्ल्यातील हमामखाना. मुमताज महलच्या स्नानासाठी तेथे गरम व थंड पाण्याची सोय होती आणि छतावर रंगीत वेलबुट्टी होती. दुसरे, कुंडी भंडारा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून आणि विहिरींच्या माळेतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणणारी ही योजना १६१५ मध्ये खानखानान अब्दुर्रहीमच्या कारकिर्दीत उभी राहिली. पहिले काम एका बेगमेसाठी, दुसरे नगरासाठी. याच बऱ्हाणपूर जिल्ह्यातील २५४ गावांत घरोघर नळ पोहोचल्याचे जुलै २०२२ मध्ये प्रमाणित झाले आणि तो या बाबतीत देशातील पहिला जिल्हा ठरला. कुंडी भंडाऱ्याची परंपरा ती हीच, आणि आम्ही निःसंशय तिच्या बाजूचे आहोत.

अंग स्वच्छ राहते ते पाण्याने. इतकी साधी गोष्ट अग्रलेखात सांगावी लागावी, याचे कारण आपल्या न्हाणीघरात आता जाहिरातदारांचा शिरकाव झाला आहे. कातडीवर जंतू आहेत, जंतू म्हणजे वैरी, तेव्हा त्यांचा निःपात करा, असा त्यांचा घोष दिवसरात्र चाललेला असतो. जंतू आहेत हे खरे. काखेत, बेंबीत, नाकाच्या कडेला, डोक्यावरच्या केसांत त्यांची दाट वस्ती असते. हातापायांच्या कोरड्या कातडीवर ती विरळ असते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो येतो या वस्तीच्या उद्योगामुळे. परंतु यांतील बहुतेक मंडळी वैरी नव्हेत. ती आपल्या अंगचे तेल पचवून त्याची आम्ले बनवितात, कातडी किंचित आंबट राखतात आणि परक्या रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. काही तर त्यांना मारक अशी द्रव्ये स्वतःच तयार करतात. रखवालदारालाच चोर ठरवून हाकलून देणाऱ्या घरधन्याला शहाणा कोण म्हणेल?

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. १९३८ मध्ये प्राइस या अमेरिकन शल्यवैद्याने हातांवरच्या जंतूंचे दोन वर्ग सांगितले: कायमचे रहिवासी आणि वाटेत चिकटलेले उपरे. रोग बहुधा उपऱ्यांमुळे होतात आणि ते साध्या साबण-पाण्याने निघून जातात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ मध्ये सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुण्यास भाग पाडले आणि बाळंतिणींचे मृत्यू घटले, ते हे उपरेच धुतले गेल्यामुळे. तेव्हा जेवणापूर्वी, शौचानंतर, रोग्याच्या खाटेजवळ हात धुतलेच पाहिजेत. त्यात सवलत नाही. पण त्यासाठी 'जंतुनाशक' साबण हवा, हा दावा टिकलेला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये घरगुती साबणांतून बाद केली. ती साध्या साबण-पाण्याहून सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नव्हता.

जाता जाता सोवळ्याविषयीही बोलले पाहिजे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला त्याच्या अंगावर आणि मानणाऱ्याच्या अंगावर एकाच जातीचे जंतू पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आले आहेत. त्यांना कोणी गोत्र विचारले नाही.

साबणाने होणारे नुकसान मात्र किरकोळ म्हणावे, असा उत्पात मलमांनी मांडला आहे. आपल्या दमट किनारपट्टीवर गजकर्ण आणि नायटा काही नवे नाहीत. मांडीच्या सांध्यात खाज सुटते, डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटते, आणि माणूस औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र कालवलेले मलम घेऊन येतो. दोन दिवसांत लाली ओसरते, खाज थांबते. वस्तुतः स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार तेवढा निजविलेला असतो. खाली बुरशी पसरतच असते. कातडी पातळ होते, तिच्यावर चिरे पडतात, आणि प्रतिजैविकाने निरपराध रहिवाशांची वस्तीही उजाड होते. नेहमीच्या बुरशीनाशकाला दाद न देणारे गजकर्ण आज देशभर फैलावले आहे. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले; नावातच आपल्या देशाची खूण आहे. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही आढळली. निर्यातीचा हा प्रकार भूषणावह खासच नव्हे.

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. कागद चोख आहे. परंतु गल्ल्याशी उभे राहून 'खाजेवर काहीतरी द्या' म्हणणाऱ्यास आजही चिठ्ठी कोण विचारतो? औषध निरीक्षकांनी एकदा साध्या वेशात, सामान्य गिऱ्हाइकासारखे, बाजारपेठेतील दुकानांतून फिरून पाहावे आणि जे मलम हाती पडेल त्याची पावती मागावी.